सोड्यांच्या डब्यातला बनफशा

शेवंतीचा गळा बसला तेव्हा लेकीच्या लग्नाला अकरा दिवस राहिले होते.

गळा काय, कुणाचाही बसतो. मासळीवाल्या बायांचा तर आठवड्याला बसतो आणि मिठाच्या गुळण्यांनी उठतो. पण शेवंती होती धवलारीण, लग्नविधींची गाणी गाणारी. ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात तीस वर्षांत तिच्या धवल्याशिवाय एका पोरीला हळद लागली नव्हती. बायका तांदूळ निवडायला बसल्या की एक गाणं, मांडवाचा पहिला बांबू उभा राहिला की दुसरं, हळद दळायला घेतली की तिसरं. गाणं झालं म्हणजे विधी झाला. लग्नाला जेवण काय होतं ते लोक चार दिवसांत विसरत, धवला कुणी गायला ते नातवंडांना सांगत.

आणि हा असा गळा बसला तरी कशानं? वर्तकनगरातल्या एका हळदीत त्या घरच्या पोरांनी मांडवाच्या तोंडाशीच कपाटाएवढे दोन स्पीकर लावलेले. इकडे शेवंतीने धवला सुरू केला, तिकडे पोरांनी डीजे सुरू केला. दुसरी असती तर पदर खोचून निघून आली असती. शेवंती पदर खोचून उभी राहिली. पाऊण तास ती त्या दोन कपाटांशी भांडली. शेवटी डीजेवाल्यानेच हात जोडले, "मावशी, तुम्ही जिंकलात!" जिंकलेली मावशी घरी आली, पाणी मागायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली. वर सर्दीने नाकाचीही दोन्ही दारं बंद.

डॉक्टरांनी बॅटरी मारून घशात पाहिलं. म्हणाले, "आठ दिवस एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. गोळ्या घ्या, वाफ घ्या."

"आणि लग्नात गाता येल ना?" गोमाजीने विचारलं. गोमाजी तिचा नवरा. खाडीत होडी घालून त्याचे केस पांढरे झालेले, पण डॉक्टरांसमोर तो शाळेतल्या मुलासारखा उभा राही.

"आठ दिवसांनी या, मग बघू."

डॉक्टरांचं 'बघू' म्हणजे काय असतं ते गोमाजीला ठाऊक होतं. भरतीच्या वेळी ढग आले की तोही असंच बोलायचा.

आता कुणी म्हणेल, नाही गायली तर नाही गायली, दुसरी धवलारीण बोलवा. पण इथेच तर खरी गाठ होती. लेक प्राप्ती जन्मली त्या साली शेवंतीने तिच्यावर एक ओवी रचली होती. मग दर वाढदिवसाला एक. प्राप्तीला आता सव्विसावं लागलेलं, म्हणून ओव्याही सव्वीस. ही ओव्यांची माळ तिच्या लग्नात एकदाच गायची, तोवर कुणाला ऐकवायची नाही, असं शेवंतीने मनाशी ठरवलेलं. कागदावर एक अक्षर नव्हतं. सव्वीसच्या सव्वीस ओव्या त्या एका गळ्यात ठेवलेल्या, आणि त्याच गळ्याला कुलूप लागलेलं.

गोमाजीने त्या ओव्यांची नुसती चाल ऐकली होती. मासे साफ करताना शेवंती गुणगुणायची आणि तो दाराशी आला की गप्प व्हायची. "ऐकव ना गो एक," म्हटलं की म्हणायची, "मांडवात ऐका. बापाला वेगलं ताट नाय." सव्वीस वर्षं तो त्या मांडवाची वाट पाहत होता. लेक सासरी जाणार याचं त्याला दुःख होतंच. पण त्या दुःखाला बायकोने मोठ्या मायेने चुंबळ विणून ठेवली होती आणि ती डोक्यावर असल्याशिवाय ते ओझं उचलायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं.

प्राप्ती म्हणाली, "आई, लिहून दे ना. मी मोबाइलवर रेकॉर्ड करते माझ्या आवाजात."

शेवंतीने हात हलवला. बांगड्या दोनदा वाजल्या. दोनदा म्हणजे नाही, एकदा म्हणजे हो, आणि सलग वाजल्या म्हणजे 'असाल तिथून इकडे या'. पहिल्याच दिवशी घरात ही बांगड्यांची भाषा ठरली होती.

"का पण?"

शेवंतीने कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं, 'नवरी आपलाच धवला गाते का कुठं? येडी.'

दुसऱ्या दिवशी मानपाड्याहून रमाबाईचा फोन आला. रमाबाई म्हणजे नवऱ्या मुलाची, संदेशची आत्या. आणि नशिबाचा खेळ बघा, ती त्या बाजूची धवलारीण. दोन धवलारणी म्हणजे एका खाडीतल्या दोन होड्या. लांबून हात करतात, जवळ आल्या की वल्ही आपटतात. लग्न ठरल्यापासून दोघींचे फोनवर टोमणे चालले होते, आणि हिशेब शेवंतीच्या बाजूने जड होता.

गोमाजीने फोन स्पीकरवर टाकला.

"काय गो शेवंते, मी काय ऐकते? स्पीकरशी कुस्ती खेललीस म्हनं! आगो, वय काय आपलं! काय काळजी करू नको. नवऱ्याकडचं मी गानारच हाय, नवरीकडचं पन मीच गाईन. एका तिकिटात दोन खेल!"

शेवंतीने ओठ उघडले. गोमाजीने लगेच आपला रापलेला तळहात तिच्या तोंडावर ठेवला. वरून तिचे डोळे नुसते तापल्या तव्यासारखे दिसत होते. पलीकडे रमाबाई जरा थांबली. उत्तराची तिला सवय होती. मग "बरं, ठेवते," म्हणून तिने फोन ठेवला.

शेवंतीने कॅलेंडर ओढलं आणि पेन्सिल मोडेल इतक्या जोरात एकच शब्द लिहिला: 'बनफशा.'

"ही कोन बाई?" गोमाजी म्हणाला.

बांगड्या दोनदा.

---

बनफशा बाई नव्हती, फूल होतं, आणि ते कल्याणला मिळत असे. पारनाक्याच्या गल्लीतलं विठ्ठलशेठचं काष्ठौषधींचं दुकान शेवंतीला तिच्या गुरूने, थोरल्या शांताबाईने दाखवलेलं. शांताबाई गेली त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून शेवंतीचं तिकडे जाणं नव्हतं. गळा धडधाकट असताना गळ्याची आठवण कुणाला येते?

गोमाजीने स्कूटर काढली. शेवंती मागे बसली. आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं स्कूटर तो एकटा चालवत नव्हता. "डावीकडं घ्या", "खड्डा हाय", "त्या ट्रकला जाऊ द्या, त्याला घाई हाय" हे सगळं मागून यायचं आणि तो कुरकुरत ऐकायचा. आज मागे सगळं शांत. दुर्गाडीचा पूल ओलांडला, चौक गेला, आणि तो मजेत थेट शहाडपर्यंत पोचला. मागे बांगड्या केव्हापासून सलग वाजत होत्या. वाऱ्यात त्याला वाटलं, कुणाची तरी वरात चाललीय.

विठ्ठलशेठ सत्तरीचे, चष्मा कपाळावर, बोलणं शुद्ध आणि सावकाश. दुकानात छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येकावर चिठ्ठी. हवेत ओव्याचा, सुंठीचा आणि कसल्या तरी जुन्या पावसाचा वास. गोमाजीला त्यातला एकही आला नाही. चाळीस वर्षं मासळीत काढलेलं त्याचं नाक दुसऱ्या वासांना ओळखच देत नसे. शेवंतीचं तर बंदच होतं.

"अहो, तुम्ही शांताबाईंच्या शिष्या ना!" विठ्ठलशेठनी तिला लगेच ओळखलं. "लगीनसराईच्या आधी दर वर्षी यायच्या त्या. इथे बाकावर बसून एक धवला म्हणायच्या आणि मगच पुडी घ्यायच्या. म्हणायच्या, ज्यानं गळा राखला त्याला गळ्याचं दान. तुमचं काय झालं?"

"डीजेशी भांडली," गोमाजी म्हणाला. "तीन तास."

बांगड्या दोनदा.

"बरं, एक तास."

बांगड्या दोनदा. तिने हवेत पाऊण तास काढून दाखवला.

विठ्ठलशेठ हसले आणि शिडीवर चढून एक खण घेऊन खाली आले. आत नखाएवढी सुकलेली फुलं. बहुतेक मातकट, पण मधूनच एखादीच्या पाकळीवर जांभळेपणा असा शिल्लक, जसा लग्न होऊन चार महिने झालेल्या पोरीच्या नखावर मेंदीचा ठिपका.

"हा बनफशा. पहाडातून येतो. तिथे थंडी सरता सरता ही फुलं जमिनीला धरून उगवतात, वाकून पाहिलं नाही तर दिसायचीसुद्धा नाहीत. माझ्या आजोबांच्या वेळी वैद्यही ही पुडी लिहून द्यायचे आणि हकीमही. एरवी दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत, या फुलावर मात्र एकमत. कोरडा खोकला, बसलेला घसा, तापाने सुकलेलं तोंड."

"जांभलं फूल तर आमच्या कुंपनावर पन हाय," गोमाजी म्हणाला. "गोकर्णीचं. फुकट."

"त्याचाही चहा करतात लोक हल्ली. निळाशार दिसतो, लिंबू पिळलं की जांभळा होतो, फोटोला छान. पण ते फूल वेगळं, हे वेगळं. रंग एक म्हणून नवरा बदलता येतो का?"

शेवंतीने गोमाजीकडे बघून क्षणभर विचार केल्यासारखं केलं. मग बांगड्या दोनदा. विठ्ठलशेठ खो खो हसले.

"आता नीट ऐका. चहासारखं खदखदा उकळायचं नाही. आधी पाण्यात ज्येष्ठमधाची काडी आणि दोन सुकी भोकरं उकळा. पाणी खाली उतरवा, मग चिमूटभर फुलं टाका आणि वर झाकण ठेवा. शंभर आकडे मोजा. खडीसाखर घाला, गाळा, कोमट प्यायला द्या. दिवसातून दोनदा. डॉक्टरांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. हे फूल गळ्याला ओलावा देतं, आवाज देत नाही. आवाज गप्प राहूनच येतो."

"बरं."

"आणि मुख्य म्हणजे दमट हवेत ही फुलं लगेच खराब होतात. खाडीजवळ राहता तुम्ही. घरातला सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा असेल, त्यात ठेवा."

गोमाजीने हे शेवटचं वाक्य फार मनावर घेतलं.

---

कोळ्याच्या घरातला सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा कोणता, हे कुणाला सांगायला नको. सोड्यांचा. वर्षभराची सुकवलेली सोललेली कोळंबी त्यात राहते. मुंगी जात नाही, दमट हवा जात नाही, मांजर तर त्याच्याकडे बघून नुसती उसासे टाकते. गोमाजीच्या घरचा तो पितळी डबा त्याच्या आईचा. उरलेले ओंजळभर सोडे त्याने पिशवीत काढले, डबा राखेने घासला, चिंचेने घासला, तीनदा धुतला, दिवसभर उन्हात तापवला. आत नाक घालून हुंगलं. काही नाही. म्हणजे त्याच्या नाकाला काही नाही. मग त्याने देवाचं नाव घेऊन फुलं त्यात ओतली आणि झाकण असं बसवलं की उघडताना दर वेळी गुडघ्यात धरावं लागे.

घरातली सगळ्यात चांगली वस्तू त्याने बायकोच्या गळ्यासाठी दिली होती. त्याच्या परीने तो सोन्याचा डबा होता.

दुसऱ्या दिवसापासून गोमाजी चहा करू लागला. सकाळी प्राप्ती लॅबमध्ये कामाला गेली की तो ओट्याशी उभा राही. काडी, भोकरं, मग फुलं, मग झाकण, मग आकडे. शंभरपर्यंत मोजताना मध्येच कुणी हाक मारली तर पुन्हा एकपासून. कप शेवंतीच्या हातात देऊन तो समोर बसे. ती डोळे मिटून पिई. बंद नाकाला चव कसली लागणार? कोमट, गोडसर, एवढंच. बांगड्या एकदा.

आणि ती बोलत नव्हती म्हणून तो बोलू लागला. इतक्या वर्षांत त्याला बोलायला जागाच मिळाली नव्हती. त्याने तिला खाडीच्या गमती सांगितल्या, लग्नात किती पाट लागतील ते सांगितलं. चौथ्या दिवशी सांगता सांगता तो म्हणाला, "घर कसं वाटतं सांगू? ओहोटीला होडी चिखलात बसते ना, तसं. सगलं जाग्यावर हाय, पन हलत काय नाय." आणि आपण काय बोललो हे कळून लाजला, भांडी घासायला उठला. शेवंती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. बांगड्या खूप हळू, एकदा वाजल्या.

एका सुट्टीच्या सकाळी प्राप्ती घरी होती. कप उचलून तिने हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "बाबा, हे असंच लागतं का?"

"पहाडातलं हाय ते. तुला काय कलनार?"

"हां, हर्बल असंच असतं," म्हणून तिने कप ठेवला. शिकलेली पोर, औषधाला नावं ठेवायची नसतात एवढं तिला कळत होतं.

सातव्या दिवशी रमाबाई आली. नवरीची हळदीची साडी दाखवायच्या निमित्ताने, पण खरं तर शेजाऱ्याच्या आजाराला लोक येतात तशी, डोळ्यांनी बघायला. हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोली, आणि दारातूनच आवाज.

"कुठं हाय आमची मुकी मैना?"

शेवंतीने पाट सरकवला. रमाबाई बसली, साडी उघडून दाखवली, साडीच्या किमतीवरून एक टोमणा मारला, ठाण्याच्या बायकांच्या नाजूक गळ्यावरून दुसरा मारला, आणि दोन्ही टोमणे हवेतच लटकून राहिले. शेवंती नुसती बघत होती. रमाबाईचा जोर हळूहळू ओसरला.

गोमाजी आतून कप घेऊन आला. आज त्याने तीन केले होते. पाहुणीला साधा चहा द्यायचा आणि घरात असला खास असताना? "घ्या, रमाबाई. बनफशा. कल्याणचं आनलंय, पहाडातलं. तुमच्या पन गल्याला बरं."

रमाबाईने घोट घेतला. घोट तोंडातच थांबला. तिने कपात बघितलं, गोमाजीकडे बघितलं, पुन्हा कपात बघितलं. गिळला.

"गोमाजीदादा," ती फार सावधपणे म्हणाली, "यात सोडे घातलेत का?"

"सोडे? नाय ओ. फुलं हायत. जांभली."

"मी मानपाड्याची, खाडीपासनं लांबची असले तरी सोड्यांचा वास मना डोलं बांधून कलतो. ये कालवनाचं पानी हाय. वर खरीसाखर घातलीय तुमी."

गोमाजीच्या डोळ्यांसमोर पितळी डबा उभा राहिला. तीनदा धुतलेला, उन्हात तापवलेला, आईच्या वेळेपासून साठ वर्षं सोडे प्यालेला तो डबा. इतके दिवस! इतके दिवस त्याने बायकोच्या त्या गळ्यात, सव्वीस ओव्यांच्या त्या घरात, कोळंबीचा काढा ओतला होता. लग्न चार दिवसांवर. आता काही झालं तर लेकीला काय सांगायचं?

"शेवंते, पिऊ नको! ठेव तो कप!"

पण शेवंतीने कप नाकाशी नेला होता. सात दिवस ते नाक कुलूपबंद होतं. तिने एकदा हुंगलं. भुवया वर गेल्या. दुसऱ्यांदा हुंगलं, लांब, खोल, जसं पहिल्या पावलाला माहेरचं अंगण हुंगावं. वास आला होता. सोड्यांचा, आणि त्याच्या मागे, लाजून उभा राहिल्यासारखा, कसल्या तरी गोड फुलाचा.

तिने गोमाजीच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि हसू तिला पोटातून आलं. आधी खांदे हलले, मग बांगड्या सलग वाजू लागल्या, आणि मग त्या खांद्यांच्या, बांगड्यांच्या पलीकडून एक आवाज आला. खरखरीत, जाडसर, पण आवाज! तिघंही दचकली. सात दिवसांनी त्या घरात शेवंतीचं हसणं ऐकू आलं होतं.

"बोलू नको!" गोमाजी धावला. "हसू पन नको! अजून एक दिवस हाय!"

त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला, तर ती हाताच्या आतून हसत राहिली. मग रमाबाईला सुटलं. पदर तोंडात कोंबून ती भिंतीला टेकली. "सोड्यांचा चहा! आगो बाय माजे! मना मारनार हा माणूस!"

हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि वेगळ्याच आवाजात बोलली. "खरं सांगू शेवंते? सात दिवस मी टोमने मारते आनि परत एक पन येत नाय. समोरच्या होडीतून वल्हं आपटलंच नाय तर कसली मजा? एकटीच पान्यात हात मारत बसायचं. तू गा बाय. तुझ्या पोरीचं तूच गा."

शेवंतीने कॅलेंडर घेतलं. 'वरची पट्टी लागनार नाही. डॉक्टर ओरडतील.'

रमाबाईने वाचलं, थोडा वेळ चुडा फिरवत बसली. "मग तू खालची गा. ओवीचा पयला अर्धा तू म्हन, हलूच, बोलल्यासारका. दुसरा अर्धा मी उचलते. झील मी धरते तुजी."

गोमाजीला त्या वाक्याचं वजन कळलं. धवलारीण दुसऱ्या धवलारणीमागे झील धरत नाही. झील शिकाऊ पोरी धरतात. मानपाड्याच्या रमाबाईने आपलं वल्हं उचलून शेवंतीच्या होडीत ठेवलं होतं.

बांगड्या एकदा वाजल्या. मग शेवंतीने रमाबाईचा हात धरला तेव्हा दोघींच्या एकदम वाजल्या, आणि त्याचा अर्थ ठरलेल्या भाषेत नव्हता, तरी सगळ्यांना कळला.

ती गेल्यावर गोमाजीने कल्याणला फोन लावला आणि अपराध्यासारखं सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ विठ्ठलशेठचं हसणं चाललं होतं. "अहो, फुलाला शेजाऱ्याचा वास लागतोच. अपाय नाही काही, पण नवी पुडी घेऊन जा. काचेच्या बरणीत ठेवा."

"पन गुन आला, शेठ. नाक उघडलं."

"गुण फुलाचा, गोळ्यांचा, गप्प राहण्याचा, की सोड्यांचा, ते मला सांगता यायचं नाही. मी फक्त फुलाचं बोलू शकतो."

नवी पुडी आली, काचेची बरणी आली. पण संध्याकाळी गोमाजीने बरणी उघडायला घेतली तर मागे बांगड्या दोनदा वाजल्या. शेवंतीने पितळी डब्याकडे बोट दाखवलं.

---

आठव्या दिवसानंतर डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारली. म्हणाले, "सूज उतरलीय. थोडं गा. ओरडायचं नाही. आणि डीजेपासून दहा हात लांब."

लग्नाच्या दिवशी कोळीवाड्यातल्या गल्लीत मांडव उभा राहिला. डीजेवाल्याला प्राप्तीने आधीच सांगून ठेवलं होतं, "आई उभी राहिली की मशीन बंद. नाहीतर मी वायरच काढेन." योगायोगाने तो वर्तकनगरचाच डीजेवाला निघाला. शेवंतीला बघितल्याबरोबर त्याने वायरच काढून हातात धरली.

शेवंती पाटावर बसली, शेजारी रमाबाई. मानपाड्याकडच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, आपली रमाबाई नवरीकडच्या पाटावर कशी? शेवंतीने पदर सावरला आणि सुरू केलं, हळू, ओट्यावर बसून बोलल्यासारखं.

"पहिली माझी ओवी, भरतीच्या गं पाण्याला..."

आणि रमाबाईने वरून उचललं, "लाटेनं आणून दिली, लेक माझ्या ओटीला!"

दोघींनी शेवटचे दोन दिवस दुपारी फोन लावून हे जुळवलं होतं. गोमाजी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. एक-एक ओवी म्हणजे एक-एक वर्ष. दुसरीत प्राप्ती चालली, चौथीत गोवराने तापली, सातवीत शाळेला निघाली:

"सातवी माझी ओवी, शाळेच्या गं वाटेला,
दप्तरात पाटी नाही, चिंबोरी बांधली गाठीला!"

मांडवात हशा पिकला. प्राप्ती मुंडावळ्यांच्या आडून ओरडली, "आई, हे सांगायचं नव्हतं!" संदेश तिच्याकडे नव्या कौतुकाने बघू लागला. गोमाजीला ती चिंबोरी आठवली, बाईंच्या टेबलावर चढलेली, आणि हेडमास्तरांसमोर मान खाली घालून उभा असलेला तो स्वतः. शेवंतीने यातलं काही म्हणजे काही सांडू दिलं नव्हतं. गोमाजी केव्हाच विसरून गेला होता, ते सगळं तिने मीठ लावून जपून ठेवलं होतं.

पंधरा झाल्या, वीस झाल्या. आवाज खरखरीत होता, मधूनच चिरत होता, पण जिथे तो चिरे तिथे खालून रमाबाई हात देई. शेवटची आली.

"सव्विसावी माझी ओवी, मांडवाच्या गं दाराला..."

रमाबाईने दुसरा अर्धा उचलला, "खाडी आली निरोपाला..." आणि तीच अडकली. इतका मोठा गळा, पण पुढे जाईना. मग पुढचे तीन शब्द शेवंतीनेच म्हटले, एकटीने, वरच्या पट्टीत नाही, खालच्यातही नाही, नुसत्या आईच्या.

"पाणी लागलं उंबऱ्याला."

प्राप्ती पाटावरून उठून आईच्या कुशीत आली. गोमाजीला दिसेनासं झालं, म्हणून तो खांब सोडून आत गेला आणि आपल्याला येत होतं तेवढंच केलं. पितळी डबा गुडघ्यात धरून उघडला, काडी, भोकरं, फुलं, झाकण, शंभर आकडे. कप घेऊन तो माणसांतून वाट काढत आला आणि शेवंतीसमोर धरला.

शेवंतीने कप घेतला. हुंगला. डोळे पुसता पुसता तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि तिने रमाबाईला कोपर मारलं. ही ओवी फोनवर जुळवलेल्यांत नव्हती.

"सत्ताविसावी ओवी, माझ्या नाखवा राजाला,
डोंगरीचं फूल त्यानं, कोंडलं सोड्यांच्या डब्याला!"

गोमाजी "अगं, अगं!" करत मागे सरला, पण माणसांच्या भिंतीत जायला जागा नव्हती. रमाबाईचा अडकलेला गळा खाडकन सुटला आणि तिने डीजेलाही लाजवील अशा आवाजात उचललं. तिला शब्द कुणी सांगितले नव्हते, पण त्या वासाची साक्षीदार तीच होती:

"नाक उघडलं शेवंतीचं, गळा आला ठिकाणाला!"

मांडव असा हसला की पत्र्यावरचे कावळे उडाले. प्राप्ती रडत होती ती हसायला लागली आणि मग दोन्ही करू लागली. "म्हणजे ते हर्बल नव्हतं?" ती म्हणत राहिली. "बाबा! ते हर्बल नव्हतं?"

गोमाजीने सव्वीस वर्षं वाट पाहून लेकीच्या ओव्या ऐकल्या होत्या, आणि वर एक स्वतःची मिळाली होती. डोक्यावर चुंबळ बसली होती. आता ओझं उचलता येणार होतं.

"कप रिकामा कर गो," तो शेवंतीला म्हणाला, "थंड होतोय."

शेवंतीने एक घोट घेतला आणि उरलेला रमाबाईपुढे केला. रमाबाईने नाक दाबलं, डोळे मिटले, आणि सगळा पिऊन टाकला.